तेल विभाजक, प्रशीतन संयंत्रातील

प्रशीतनाच्या बाष्प-संपीडन चक्रात संपीडकातून बाहेर पडणाऱ्या उच्च दाबाच्या वायूबरोबर वाहून जाणारे वंगण तेल वेगळे करणाऱ्या पात्राला तेल विभाजक म्हणतात. ते संपीडक व संघनक यांच्या दरम्यान बसवितात. तेल पुढे गेल्यास दुहेरी हानी होते : संपीडकात वंगणाची उणीव पडते आणि संघनक व बाष्पीभवक यांच्या नळ्यांवर तेलाचा थर बसून ऊष्मा-संक्रमण मंदावते. त्याची भरपाई करण्यासाठी बाष्पीभवनाचे तापमान खाली न्यावे लागते व दर १° से. मागे विजेचा खर्च सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो.

इतिहास : जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये बाष्प-संपीडन यंत्राचे एकस्व घेतले. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी अमोनियावर चालणारे संपीडक यशस्वी केले आणि तेलाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. अमोनिया व खनिज तेल एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत. तेल द्रवरूप अमोनियापेक्षा जड असल्याने बाष्पीभवकाच्या तळाशी साचते, थंडीने दाट होते व आपोआप परत येत नाही. न्यूयॉर्कच्या दे ला व्हर्न यांच्या यंत्रात तर सिलिंडरातील गळती थांबविण्यासाठी तेल मुद्दाम आत सोडीत; त्यामुळे विभाजक हा संयंत्राचा अनिवार्य भाग झाला.

१९३० नंतर प्रचारात आलेल्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील सीएफसी १२ हा प्रशीतक खनिज तेलात पूर्णपणे मिसळत असे. नळ्यांतील वेग पुरेसा ठेवला की तेल वायूबरोबरच परत येई; म्हणून लहान संयंत्रांत विभाजकाची गरज उरली नाही. माँट्रिऑल करारानंतर (१९८७) हे प्रशीतक टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले. एचएफसी १३४ए खनिज तेलात मिसळत नसल्यामुळे त्याच्यासाठी पॉलिऑल एस्टर वर्गातील संश्लिष्ट तेले वापरावी लागली.

अभिकल्प : विभाजनाची मूळ कल्पना साधी आहे. रुंद पात्रात वायूचा वेग एकदम कमी केला, की थेंब स्वतःच्या भाराने खाली पडतात. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांच्या नियमानुसार (१८५१) बारीक थेंबाचा पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाल्यास वेग चौथाईवर येतो. संघनकाच्या दाबाखालील तप्त अमोनियात १० मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदाला जेमतेम ३ ते ४ मिमी. पडतो. साहजिकच केवळ गुरुत्वावर विसंबून चालत नाही. वायूला आडव्या पट्ट्यांवर आदळविणे, पात्रात चक्राकार फिरविणे किंवा तारेच्या जाळीतून नेणे या युक्त्यांनी थेंब एकत्र आणून मोठे करतात.

उदाहरणार्थ, १०,००० लिटर दूध साडेतीन तासांत ३५° वरून ४° से. पर्यंत थंड करण्यास सुमारे १०० किवॉ. प्रशीतन लागते. बाष्पीभवन −५° व संघनन ४०° से. धरल्यास सेकंदाला सुमारे ०·०९ किग्रॅ. अमोनिया फिरतो, त्याचे घनफळ विसर्ग नळीत सुमारे १० लिटर भरते. नळीतील वेग १५ मी./से. असेल, तर ३ सेंमी. व्यासाची नळी पुरते; परंतु विभाजकात तो ०·४ मी./से. पर्यंत आणण्यासाठी पात्राचा व्यास १८ सेंमी., म्हणजे छेदक्षेत्र नळीच्या सुमारे ३७ पट, ठेवावे लागते.

तप्त वायूतील काही तेल बाष्परूपात असते. ते कोणत्याही जाळीत अडकत नाही. यासाठी अमोनिया संयंत्रात विभाजक संपीडकापासून दूर, संघनकाजवळ ठेवतात, म्हणजे वाटेत वायू निवून तेलाचे थेंब बनतात. मात्र पात्र फार थंड झाल्यास त्यात अमोनियाच द्रवरूप होतो, तेलाबरोबर क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेथे उकळून तेलाला फेस आणतो. म्हणून थंड हवेत ऊष्मा-निरोधन आवश्यक ठरते. तळाशी जमलेले तेल तरंगत्या गोळ्याच्या झडपेने परत पाठवितात.

मळसूत्री संपीडकात फिरक्यांमधील फट भरण्यासाठी व वायू निवविण्यासाठी तेल मोठ्या प्रमाणावर आत सोडतात. येथे पात्राच्या दुसऱ्या टप्प्यात काचतंतूंच्या नळकांड्या बसवितात. त्यांवर एक मायक्रॉनहून लहान थेंबही एकवटतात.

महाराष्ट्रातील वापर : अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस पिकू लागला; हरेगाव येथे बेलापूर शुगर कंपनीचा कारखाना उभा राहिला. बेलापूर रोड स्थानकाभोवती वाढलेली वस्ती पुढे श्रीरामपूर म्हणून प्रसिद्धीस आली. उसाच्या वाढ्यांबरोबर हिरवा चारा आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय विकसित झाली व दूध हे शेतकऱ्याचे रोजचे रोख उत्पन्न ठरले. उन्हाळ्यात धारेनंतर काही तासांतच दूध नासते. त्यामुळे शीतकरण केंद्रातील यंत्र बंद पडणे म्हणजे अनेक कुटुंबांची त्या दिवसाची मिळकत बुडणे होय. मोठ्या केंद्रांना लागणारे अमोनिया संपीडक देशात बनविणाऱ्यांत पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी (१९५८) प्रमुख आहे. गावपातळीवरील लहान दूधशीतकांत मात्र हवाबंद संपीडक असल्याने स्वतंत्र विभाजक सहसा नसतो.

सुरक्षा : विभाजक कितीही चांगला असला, तरी थोडे तेल पुढे जातेच व अमोनिया संयंत्राच्या थंड भागातून ते वेळोवेळी काढावे लागते. दाट तेलामागून अमोनिया अकस्मात उसळण्याचा धोका असल्यामुळे तेल आधी वेगळ्या भांड्यात घेऊन त्याचा दाब उतरवितात, हात सोडताच मिटणारी झडप वापरतात आणि हे काम एकट्या कामगाराकडे सोपवीत नाहीत. विभाजकाचा अभिकल्प जितका अचूक, तितकी ही जोखीम पत्करण्याची वेळ कमी येते.