दार, उंबरठा आणि मांजर

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें गांव बिनदारांच्या घरांसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. घराला चौकट आहे, पण कवाड नाहीं. आणि कवाडच नाहीं तेथें कुलूप कोठून येणार? गांवाची राखण शनिदेव करतो व चोराला तोच शासन करतो, अशी तेथील श्रद्धा आहे. २०११ सालीं युको बँकेनें गांवांत शाखा उघडली, तीहि दर्शनी दाराला कुलूप न घालतां. तथापि याच गांवांत रात्रीं कित्येक चौकटींना एक सुटी फळी टेकून ठेवितात. ती माणसासाठीं नव्हे. भटकीं कुत्रीं आंत शिरूं नयेत म्हणून. चोराचा बंदोबस्त देवावर सोंपवितां आला, जनावरासाठीं मात्र फळी लागलीच. दार हें माणसामाणसांतच नसतें. माणूस आणि जनावर यांच्यामध्येंहि असतें. त्या दाराचा मांजराशीं आलेला संबंध पाहणें हा आजचा विषय आहे.

कुत्रें माणसाबरोबर शिकारीला गेलें, गाय-बैल दाव्याला बांधले गेले. मांजर मात्र आपल्या पायांनीं घरीं आलें. शेती सुरू झाली, धान्य साठूं लागलें, धान्यामागें उंदीर आले व उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. इंग्लंडांत एक्सेटर येथील कॅथीड्रलच्या एका दाराला मांजरापुरतें वाटोळें भोंक पाडलेलें आहे, आणि तेथील जुन्या हिशेबांत मांजराच्या पोटगीचीहि नोंद आहे. आपल्याकडे कणगी आणि बळद यांची राखण मांजरानेंच केली. त्याला कोणी कोंडलें नाहीं. कोंडलें असेल तर दूध, आणि तेंहि शिंक्यावर टांगून. ‘शिंकें तुटलें आणि बोक्याचें साधलें’ ही म्हण ज्या घरांत जन्मली त्या घरांत मांजराला सर्वत्र मुक्तद्वार होतें. तें मारलें तर काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें, या समजुतीनें त्याला अभयहि दिलें होतें.

या उंबरठ्यावरच्या प्राण्याकडे सरकारी वैद्यकाचें लक्ष गेलें तें प्लेगमुळें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रगट झाला. १८९८ सालीं सायमंड या फ्रेंच वैद्यानें कराचीस असतांना उंदरावरची पिसू रोग पसरविते असें प्रतिपादिलें. पुढें वऱ्हाडांत अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनीं, ज्या वस्तींत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें मत मांडून १९०८ सालीं तें ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. घरोघर मांजर पाळावें, हा त्यांचा सल्ला होता. परंतु मांजरालाहि प्लेग होतो व त्याच्यापासून माणसालाहि होऊं शकतो, हें आज ठाऊक आहे. राखणदारालाच राखणीची गरज असते, ही गोष्ट तेव्हां ध्यानांत आली नव्हती.

मांजर चोवीस तास घरांतच ठेवण्याची चाल अगदीं अलीकडची आहे. तिचा एक पाया १९४७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत घातला गेला. एडवर्ड लो या गृहस्थानें राख व वाळू यांच्या ऐवजीं ओल शोषणारी माती मांजराच्या मलमूत्रासाठीं विकावयास आरंभ केला, आणि घरांतील दुर्गंधीचा प्रश्न पुष्कळसा सुटला. पुढें आपल्या शहरांत चाळी जाऊन गगनचुंबी इमारती आल्या. अंगण गेलें, पडवी गेली, आणि मांजराच्या तोंडावर दार लागलें.

दार लागलें याचा पहिला परिणाम पानावर झाला. पूर्वीं आपण मांजराला दूधभात घालीत होतों व तें धष्टपुष्ट दिसे, यांत पुण्याई दूधभाताची नव्हती, उंदराची होती. १९७५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, दुधांतील केसीन या प्रथिनावरच ठेवलेल्या मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो. कारण टॉरीन नांवाचें द्रव्य मांजराचें शरीर पुरेसें तयार करूं शकत नाहीं. तें मांस-मासळींतून मिळावें लागतें. त्याच उणिवेनें हृदयहि दुबळें होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. अंगणांतला उंदीर ही उणीव मुकाट्यानें भरून काढीत होता. म्हणून दाराआड ठेवलेल्या मांजराला शाकाहारी घरानेंहि मांस, मासळी किंवा शास्त्रशुद्ध तयार अन्न देणें भाग आहे.

दुसरा परिणाम त्याच्या मनावर झाला. दबा धरणें, झेप घेणें, उंचावर बसणें, झाडाच्या बुंध्यावर नखें घासणें, हा त्याचा स्वभावच आहे. घरांत त्यासाठीं उंच फळी, लपावयास खोकें, नखांसाठीं गोणपाट, आणि दिवसांतून दोन वेळां दोरी-पिसांचा शिकारीचा खेळ हवा. खेळ संपला कीं दोरी मात्र उचलून ठेवावी; ती गिळली गेल्यास आंतडें अडतें. मातीचें तबक रोज स्वच्छ हवें. एकाहून अधिक मांजरें असतील तर त्यांच्या संख्येपेक्षां एक जास्त.

दारानें बाहेरचे धोके टळतात, पण आंत नवे येतात. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयांत पांच महिन्यांत उंचावरून पडलेलीं १३२ मांजरें आणलीं गेलीं, अशी १९८७ सालची नोंद आहे. उपचार झालेल्यांपैकीं बहुतेक वाचलीं, पण छाती व जबडा यांना झालेल्या इजा वाईट होत्या. यास्तव खिडकीला व सज्जाला घट्ट जाळी बसवावी. लिलीचीं फुलें, कांदा-लसूण आणि आपली तापावरची पॅरासिटामॉलची गोळी हीं त्याला विषासमान आहेत. पिसाळ रोगाची लस व संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया घरांतल्या मांजरालाहि चुकवूं नये.

आपल्याकडे नकोसें झालेलें मांजर पोत्यांत घालून दूर सोडून येण्याची रीत आहे. मारण्याचें पाप टळलें, असें समाधान मानून आपण परततों. शिकारीवर वाढलेलें गांवचें मांजर तशांतहि कदाचित् तगून राही. परंतु ज्याला जन्मभर आपण दाराआड ठेवलें, ज्याला कुत्रें ठाऊक नाहीं, रस्ता ठाऊक नाहीं, भक्ष्य मिळवितां येत नाहीं, त्याला मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर सोडून येणें आणि मारणें यांत अंतर थोडेंच उरतें. दार लावणें हा करार आहे. तो मांजरानें केलेला नाहीं, आपणच केलेला आहे. बारा-पंधरा वर्षें तो पाळण्याची तयारी असेल त्यानेंच पिलूं घरीं आणावें.