याप्य: बालदमा, कोयता आणि दवाखाना

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी काही डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तरी हा विषय घेतला, कारण बालदम्याच्या इतिहासात औषधाइतकाच कल्पनेचा प्रश्न आहे. ‘बरं होणं’ म्हणजे काय, हा तो प्रश्न.

चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला तमकश्वास म्हणजे साधारण आपला दमा. ढग आले, पाऊस लागला, गारठा पडला की तो वाढतो. आडवं झालं की जीव घाबरतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. दम्याच्या लेकराला घेऊन रात्र काढलेल्या कुठल्याही आईला हे वर्णन पटेल. पुढे चरक म्हणतात, हा आजार नवा असेल तर साध्य, एरवी ‘याप्य’. साध्य म्हणजे बरा होणारा, असाध्य म्हणजे हाताबाहेरचा. याप्य या दोहोंच्या मधला: औषध-पथ्य चालू आहे तोवर ताब्यात राहणारा, सोडलं की उसळणारा. हा मधला शब्द आपल्या व्यवहारातून निघून गेला, आणि त्याची किंमत लेकरं मोजतात.

आता बीडकडे या. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कोर्टकचेरी, शिक्षण, दवाखाना, सगळ्याची वाट हैदराबादकडे जायची. दम्याचीही एक वाट तिकडेच होती. मृग नक्षत्र लागलं की बथिनी कुटुंब जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा रोग्याला गिळायला देतं. ही परंपरा १८४५ पासूनची सांगतात, आणि महाराष्ट्रातून आजही लोक जातात. या औषधाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. पण लोक का जातात, ते समजून घ्या. ओळीने तीन वर्षं जा आणि मोकळे व्हा, असं ते आश्वासन आहे. याप्य आजाराला साध्य करून दाखवण्याचं आश्वासन! गावातल्या सुईचंही तेच झालं. धाप लागली, सुई टोचली, उतार पडला, घरी गेलो. पुढच्या ढगाळ दिवशी पुन्हा तेच.

खरा बदल १९५६ साली अमेरिकेत झाला. एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही मिळत, असं तिनं विचारलं, आणि त्यातून आपण ज्याला ‘पंप’ म्हणतो तो इन्हेलर आला. १९६९ मध्ये सालब्युटामॉल आलं, १९७२ मध्ये ओढायचं स्टेरॉइड. भारतात १९७८ पासून मुंबईची सिप्ला पंप बनवू लागली. सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे वीस ते चाळीस पट कमी औषध, तेही थेट श्वासनळीत. तरी आपल्याकडे पंप म्हणजे ‘शेवटचं औषध’, ‘सवय लागते’ ही भीती अजून आहे. पंप दोन तऱ्हेचे असतात, हे तर सांगितलंच जात नाही: एक धाप मोडणारा, दुसरा धाप येऊच नये म्हणून रोज घ्यायचा. दुसरा म्हणजे याप्य या शब्दाचं आजचं रूप.

याच काळात आपल्या भागात आरोग्याचं मोठं काम उभं राहिलं. १९७० मध्ये शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं की गावातला प्रशिक्षित माणूस लेकराचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकतो आणि जीव वाचवू शकतो. हे थोर काम. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास भरले तर न्यूमोनिया समजा, असा नियम जगभर झाला.

पण बघा, दम्याचं लेकरूही भरभर श्वास घेतं. मोजणी बरोबर, नाव चुकीचं! मग दर वेळी अँटिबायोटिक, आणि दमा तसाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या सुधारित सूचनेत म्हटलंय की छाती वाजत असेल आणि लेकरू अत्यवस्थ नसेल, तर आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध ओढायला देऊन बघा, मग न्यूमोनिया ठरवा.

नाव न घेण्याचं दुसरं कारण सामाजिक आहे. ‘छाती भरते’, ‘सर्दीचा कोठा आहे’, ‘ॲलर्जी आहे’ असं आपण म्हणतो, दमा म्हणत नाही. मुलगी असेल तर उद्या सोयरीक कशी जमेल, ही धास्ती. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपले, असा अंदाज आहे. यात नाव लपवण्याचाही वाटा आहेच.

आणि मग आपला कोयता. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसह कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने कोपीतली चूल, पाचटाचा धूर, पहाटेचा गारठा. दम्याला यापरतं वाईट ते काय? रोजचं औषध नेमकं तेव्हाच लागतं, आणि दवाखाना तेव्हाच मागे राहतो. केसपेपर इकडे, लेकरू तिकडे.

मग करायचं काय? फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची मोहीम चालवली. भर होता तो साध्या दवाखान्यातले डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार यांना शिकवण्यावर. दम्यामुळे रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले. स्पेसर महाग वाटतो, तर केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं की अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, पंपाभोवती नीट हवाबंद केलेली, धाप लागलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एक, केसपेपरवर ‘बालदमा’ हा शब्द लिहा आणि आईबापांना समजावून सांगा. दोन, पंप कसा ओढतो ते लेकराकडून समोर करून घ्या, दर खेपेला. तीन, दसऱ्याच्या आधी तोडणीला जाणाऱ्या दमेकरी मुलांना बोलवा, हंगामभर पुरेल इतका रोजचा पंप द्या. सोबत मराठीत एक कागद द्या: रोज काय घ्यायचं, धाप लागली तर काय, आणि बोलता येईना, ओठ निळे पडले तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठायचा. चार, उन्हाळ्यात परत आले की पुन्हा तपासा.

साध्य आजाराला एक भेट पुरते. याप्य आजाराला नातं लागतं, आणि ते दवाखान्यानं ठेवायचं असतं. लेकरू फडावर असलं तरी.