पाच वेळा शिफ्ट

सायबर कॅफेत किंवा घरच्या पीसीवर गेम खेळलेल्या बहुतेकांना हे माहीत असेल. शिफ्ट चार-पाच वेळा धडाधड दाबली की एक आवाज येतो, गेम मागे पडतो आणि एक खोका पुढे येतो : स्टिकी कीज चालू करायच्या का? आपण वैतागून 'कॅन्सल' दाबतो. फारच वैतागलो तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो प्रकार कायमचा बंद करून टाकतो. हा खोका कुणासाठी आहे, कुठून आला, हे विचारायला तेव्हा वेळ नसतो. आज सुट्टी आहे, तर त्याचा इतिहास बघू. आणि मंडळी, ही सोय इंग्रजीपेक्षा मराठीत टाइप करणाऱ्याला जास्त लागते. ते कसं, तेही बघू.

सुरुवात टाइपरायटरपासून करावी लागेल. १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं होती. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ मध्ये एकाच दांड्यावर दोन अक्षरं बसवली आणि त्यातलं कुठलं कागदावर उमटायचं ते ठरवायला यंत्राचा भाग सरकवणारी कळ आली. शिफ्ट म्हणजे अक्षरशः सरकवणं! आता सरकत काहीच नाही, नाव तेवढं उरलंय. पुढे टाइपरायटरवर शिफ्ट लॉकही आलं, म्हणजे शिफ्ट खाली अडकवून ठेवायची सोय. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. एका हाताने काम करणारा माणूस अशा यंत्रावर लॉक लावून अक्षर मारायचा आणि मग लॉक सोडायचा. वेळ जास्त जायचा, पण काम व्हायचं.

कॉम्प्युटरने ही वाट अवघड केली. कॅप्स लॉक राहिलं, पण ते इंग्रजी अक्षरांपुरतंच. कंट्रोल आणि आल्ट या नव्या कळा आल्या, त्यांना लॉकच नाही. त्या दाबून धरायच्या आणि त्याच वेळी दुसरी कळ दाबायची. कंट्रोल-आल्ट-डिलीट हे तर टोकाचं उदाहरण. आयबीएमचे इंजिनियर डेव्हिड ब्रॅडली यांनी ही जोडी मुद्दाम अशी निवडली की चुकून एका हाताने मशीन रिसेट होऊ नये. हेतू चांगलाच होता. पण १९९३ साली विंडोज एनटी आलं आणि हीच जोडी लॉगिनचा दरवाजा झाली. एकच हात चालणारा माणूस दारातच अडकला. काठीने किंवा तोंडात धरलेल्या कांडीने टाइप करणाऱ्याचीही तीच गत. म्हणून तर स्टिकी कीज लॉगिनच्या पडद्यावरही चालतात. ती सोय तिथे नसती तर बाकी सगळ्या सोयींना अर्थच नव्हता.

आता ही सोय आली कुठून? अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७१ साली ग्रेग व्हँडरहायडन नावाचा विद्यार्थी सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या एका मुलासाठी संवादाचं यंत्र बनवण्याच्या कामाला लागला. त्यातून ट्रेस सेंटर उभं राहिलं. सुरुवातीला उपाय यांत्रिक होते. कीबोर्डवर भोकं पाडलेली पट्टी बसवायची, म्हणजे थरथरणारं बोट शेजारच्या कळेवर पडत नाही. शिफ्ट अडकवून ठेवायला खटका लावायचा. पण प्रत्येक कीबोर्डचा आकार वेगळा, म्हणजे प्रत्येकासाठी नवं सामान. तेच काम सॉफ्टवेअरने केलं तर? १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅकिंटॉशमध्ये स्टिकी कीज आणि माऊस कीज होत्या. आयबीएम पीसीसाठी अ‍ॅक्सेसडॉस नावाचं पॅकेज आलं, विंडोजसाठीही वेगळं पॅकेज निघालं. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा ट्रेसचं हे काम थेट त्यातच घातलेलं होतं. हा बदल मोठा होता. आधी अपंग माणसाला फ्लॉपी घेऊन फिरावं लागे, आता कुठल्याही मशीनवर ती सोय आधीपासून हजर.

काम कसं चालतं? शिफ्ट दाबून सोडली की ती 'चिकटते' आणि पुढच्या एका अक्षराला लागू होते. दोनदा दाबली तर लॉक, तिसऱ्यांदा दाबली की मोकळी. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की फिल्टर कीज. हात कापत असेल तर चुकून लागलेल्या झटपट कळा त्या मोजतच नाहीत. नम लॉक पाच सेकंद धरलं की टॉगल कीज, म्हणजे कॅप्स लॉक लागलं की आवाज. डावी शिफ्ट, डावं आल्ट आणि नम लॉक एकत्र दाबलं की माऊस कीज. मग आकड्यांच्या कळांनी बाण फिरतो, ५ म्हणजे क्लिक, ० म्हणजे पकडून ओढायचं आणि टिंब म्हणजे सोडायचं. (अर्थात बऱ्याच लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा भागच नसतो.)

आता मराठीकडे येऊ. इनस्क्रिप्ट हा आपला प्रमाणित कळफलक. आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात तो दिलेला आहे आणि पुण्याच्या सी-डॅकने तो रुजवला. रचना फार हुशार आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे हात आळीपाळीने चालतात. क आणि ख एकाच कळेवर, ख ला शिफ्ट. ग-घ, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ, सगळ्या जोड्या अशाच. ल च्या कळेवर शिफ्टने ळ, स च्या कळेवर श, म च्या कळेवर ण. मात्रेच्या कळेवर शिफ्टने पूर्ण स्वर. शिकायला सोपं, पण सगळं गणित दोन हात धरूनच केलेलं.

इंग्रजीत शिफ्ट लागते वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामाला. मराठीत? तहसीलच्या किंवा सेतूच्या खिडकीत रोज लागणारे शब्द घ्या. 'अर्ज' मध्ये एक शिफ्ट, 'दाखला' मध्ये एक, 'शाळा' मध्ये दोन, 'आधार' मध्ये दोन. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. इतिहासात ते १४३७ आणि १५९० च्या लढायांसाठी ओळखलं जातं. तिथला पत्ता टाइप करून बघू. र, ओकार, ह, इकार, ण, ख, एकार, ड : आठ कळा, त्यात ण आणि ख ला शिफ्ट. पुढे 'बुलढाणा' लिहायचं तर सात कळा, त्यात ढ आणि ण ला शिफ्ट. म्हणजे नुसत्या गाव-जिल्ह्याला चार. बरं, इनस्क्रिप्ट नको, गमभन किंवा बरहासारख्या रोमन पद्धतीने लिहू म्हटलं तर तिथे ण आणि ड ला कॅपिटल लागतं. शिफ्ट काही सुटत नाही.

हे फक्त गैरसोयीचं प्रकरण नाही. विंडोज ९५ आलं त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा कायदा केला आणि सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखीव झाल्या. २०१६ च्या नव्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. पण लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात, म्हणजे दोन सेकंदांना एक शब्द. एका हाताच्या उमेदवाराला प्रत्येक शिफ्टसाठी बोटं ताणावी लागली तर अडचण त्याच्या मराठीची नाही, कळफलकाची आहे. ती सोडवणारं सॉफ्टवेअर मशीनमध्ये फुकट पडून आहे. मराठी बोलून टाइप करणं २०१७ पासून गूगलवर जमतं हे खरं, पण टंकलेखनाच्या परीक्षेत त्याचा काय उपयोग?

आणि एक मजा. मोबाईलवर आपण शिफ्ट धरून ठेवतो का? नाही. एकदा टॅप केलं की पुढचं एक अक्षर कॅपिटल, दोनदा टॅप केलं की लॉक. हा स्टिकी कीजचाच नियम. आपला अंगठा एकच असतो, म्हणून फोनवर आपण सगळेच एका हाताचे टंकलेखक. तिथे कुणी याला 'अपंगांसाठीची सोय' म्हणत नाही.

तेव्हा कुणी टायपिंग क्लास चालवत असेल, परीक्षा केंद्राची मशीन्स लावत असेल, ऑफिसात सिस्टिम अ‍ॅडमिन असेल, त्याला एवढंच सांगणं : कटकट नको म्हणून हे शॉर्टकट सरसकट बंद करू नका. आणि एका हाताने टाइप करणारा विद्यार्थी आला तर पहिल्याच दिवशी त्याला शिफ्ट पाच वेळा दाबायला शिकवा. वेग त्यानंतर मोजा.