इंदूरचे खत आणि दोन नावे

काही वर्षांपूर्वी शेतीवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी ‘वेस्ट’ या शब्दाशी अडले. ‘टाकाऊ पदार्थ’ असे लिहिले आणि खोडले. आजीच्या परसात उकिरडा होता. शेण, राख, पाचोळा, गोठ्यातला केर तिथे साठे आणि उन्हाळ्यात गाडीने शेतात जाई. त्यात टाकाऊ असे काहीच नव्हते. शब्द शोधता शोधता मी १९३१ साली ऑक्सफर्डने काढलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ या पुस्तकापर्यंत पोचले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड.

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. गव्हावरचे काम दोघांनी मिळून केले. हॉवर्ड यांची तक्रार अशी, की एक तज्ज्ञ वाण पाहतो, दुसरा कीड, तिसरा माती; अख्ख्या शेताची जबाबदारी कुणीच घेत नाही. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात नवी संशोधन संस्था उभी राहिली, ती मुख्यतः कापसासाठी. हॉवर्ड दांपत्याने मात्र कापसाबरोबर काळी माती, पावसाचे पाणी, बैल आणि माणसे हेही अभ्यासाचे विषय मानले.

तिथेच ‘इंदूर पद्धत’ घडली. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा गुरांखाली अंथरायचा. मग तो शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह थरांनी खड्ड्यात रचायचा, पाणी शिंपडायचे आणि तीनदा उलथायचे. सुमारे ९० दिवसांत खत तयार. यातले बरेचसे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होते. चीनमधील शेतीची वर्णनेही हॉवर्ड यांनी वाचली होती. ओल किती, हवा किती, नत्र कुठे निसटतो, याचे मोजमाप प्रयोगशाळेने केले. वाड संस्थेत रसायनाचे काम पाहत. मोजमापामुळे ही रीत केनियातील कॉफीच्या आणि आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत जाऊ शकली.

आज ज्याला ‘बहुउद्देशी शेती’ म्हणतात, ती या खड्ड्यात दिसते. गुरांना कोरडी जागा मिळते, गाव स्वच्छ राहते, जमिनीत ओल टिकते. शेण थोडे लागत असल्याने चुलीसाठी गोवऱ्याही उरतात, आणि सरपणाची टंचाई असलेल्या घरात ही गोष्ट लहान नव्हे. मात्र खत उलथायला हात लागतात आणि शिंपडायला पाणी. ज्याच्याकडे दोन्ही कमी, त्याला ही पद्धत फुकट नव्हती. कृषिविद्येने हा हिशेबही मांडायला हवा.

गॅब्रिएल १९३० मध्ये गेल्या. १९४० चे ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हॉवर्ड यांनी त्यांना अर्पण केले. त्या पुस्तकाने हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष ठरले. वाड यांचे नाव क्वचितच निघते, आणि ज्या शेतकऱ्यांना हॉवर्ड आपले गुरू म्हणत, त्यांची नावे तर कुठेच नाहीत. पुस्तक एका भाषेतून दुसरीत जाताना कुणाचे नाव गळते, हे अनुवादकाला वेगळे सांगावे लागत नाही.

अखेर मी ‘वेस्ट’साठी ‘शेतात उरलेले’ असे लिहिले. टाकलेल्याला मालक नसतो, उरलेल्याला असतो. आणि तळटीपेत, मूळ लेखात नसलेले, वाड यांचे नाव घातले.