चिलखताची साक्ष

२०१०च्या सुरुवातीला दालारानमध्ये उभं राहिलं, की गप्पांच्या खिडकीतून एकाच धाटणीच्या हाका वर सरकत राहायच्या. आइसक्राउनच्या मोहिमेला दोघे हवेत, गिअरस्कोर साडेपाच हजारांच्या वर, आधी अचीव्हमेंट (विजयाची नोंद) दाखवा. दालारान हे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातलं आकाशात तरंगणारं शहर. हाक देणारा समोरच्या पात्रावर माउस नेई आणि तिथे एक रंगीत आकडा उमटे. तो ४,८०० निघाला तर बोलणं तिथेच संपे. हा माणूस खेळतो कसा, हे विचारायची गरज कुणाला वाटत नसे.

हा आकडा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचा नव्हता. २००९ मध्ये एका खेळाडूने ‘गिअरस्कोर’ नावाचं, मूळ खेळाला जोडता येणारं छोटं अ‍ॅडऑन तयार केलं. पात्राच्या अंगावरची शिरस्त्राणं, अंगठ्या, तलवारी, प्रत्येकीचा दर्जा, तिची पातळी आणि ती शरीरावर कुठे चढते, एवढं पाहून ते बेरीज मांडायचं. कल्पना साधी होती आणि सोयीचीही. पण काही महिन्यांतच ती बेरीज माणसाची लायकी ठरवू लागली, आणि ते का घडलं हे समजायला पाच वर्षं मागे जावं लागतं.

२३ नोव्हेंबर २००४ला खेळ सुरू झाला, तेव्हा अंगावरचा साज खरोखरच साक्ष देत होता. वस्तूंना रंग होते: राखाडी, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा आणि अगदी दुर्मीळ असा नारिंगी. जांभळी, म्हणजे ‘एपिक’ चिलखतं बहुतेक ‘मोल्टन कोअर’सारख्या जागी मिळत. तिथे जायला चाळीस माणसं लागत. ती ठरल्या वेळी एकत्र यायची आणि पुनःपुन्हा मरायची. बॉस, म्हणजे तिथला बलाढ्य शत्रू, पडला की चाळीस जणांत वाटायला मोजक्याच वस्तू हाती येत, आणि तोच बॉस पुन्हा मारायला आठवडाभर थांबावं लागे. तिथला शेवटचा बॉस रॅगनारोस जगात पहिल्यांदा पडला तो २५ एप्रिल २००५ला, म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून पाच महिन्यांनी.

वाटपाचा हिशेब ठेवायची पद्धत याआधीच, १९९९ मध्ये, ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या ‘आफ्टरलाइफ’ या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, घालून दिली होती. तिचं नाव ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा होत आणि वस्तू घेतली की ते खर्ची पडत. या वहीत कसब कुठेच मोजलं जात नव्हतं, मोजली जात होती ती चिकाटी. चाळिसांतले सगळेच काही तरबेज नसत, हे प्रत्येक गिल्डला ठाऊक होतं. तरीही जांभळ्या चिलखतातला माणूस दिसला की एवढं नक्की कळायचं, की चाळीस जणांच्या एका जमावाने याला महिनोन्‌महिने सांभाळून घेतलं आहे.

शिवाय तेव्हाचे सर्व्हर गावासारखे होते. कोण लूट घेऊन पळतो, साथीदारांना बरं करणारा कोणता हीलर शेवटपर्यंत टिकतो, हे तोंडोतोंडी माहीत असे. नाव एकदा खराब झालं की दुसरीकडे जाणं सोपं नव्हतं.

‘रॅथ ऑफ द लिच किंग’ ही नोव्हेंबर २००८ मध्ये आलेली आवृत्ती ही घडी मोडणारी ठरली. प्रत्येक मोहीम दहा किंवा पंचवीस जणांत करता येऊ लागली, आणि ते चांगलंच झालं. ज्यांना मोठा जमाव जमवता येत नव्हता त्यांनाही दार उघडलं. मग ८ डिसेंबर २००९ला ३.३ ही सुधारणा आली. तिने ‘डंजन फाइंडर’ आणला: बटण दाबायचं आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या चार अनोळखी लोकांबरोबर थेट गुहेत पोचायचं. त्या गुहांत मिळणारी ‘एम्ब्लेम ऑफ ट्रायम्फ’ ही पदकं साठवली, की २४५ पातळीचं चिलखत विकत मिळे. आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या उल्डुआर या मोहिमेतल्या सगळ्यात अवघड लढायांतूनही इतक्या वरचं चिलखत निघत नसे. मोठ्या मोहिमेतला एकही बॉस न मारता माणूस आता डोक्यापासून पायापर्यंत जांभळा होऊ शकत होता.

आणि नेमक्या याच वेळी सगळे आकडा मोजू लागले. चिलखत साक्ष देत होतं तेव्हा त्याची बेरीज कुणी मांडली नाही. ते साक्ष देईनासं झालं, शेजारी अनोळखी झाले, तेव्हा मात्र बेरजेवर सगळ्यांची भिस्त बसली. ओळखीची जागा आकड्याने घेतली. कसब मोजणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

त्याच्या चुका उघड होत्या. वस्तूत बसवलेले रत्नखडे आणि चढवलेले मंत्र गिअरस्कोरच्या बेरजेत धरले जात नव्हते. रिकाम्या खोबणींचं चिलखत आणि नीट सजवलेलं चिलखत त्याला सारखंच. खेळाडू विरुद्ध खेळाडू झुंजीसाठी बनवलेला साज बॉससमोर फारसा कामाचा नव्हता, तरी आकडा झकास वाढवायचा. अचीव्हमेंटचे दुवेसुद्धा बनावट करून मिळत. नव्या खेळाडूची तर पुरती कोंडी झाली. अनुभव नाही म्हणून मोहिमेत घेत नाहीत आणि मोहिमेत घेत नाहीत म्हणून अनुभव नाही. नोकरीच्या जाहिराती वाचणाऱ्याला ही कोंडी नव्याने समजावून सांगायला नको.

आइसक्राउनच्या टोकावर, शेवटचा बॉस लिच किंग याच्यासमोर, काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. लढाईच्या मध्यात तो एका खेळाडूच्या पायाखाली ‘डिफाइल’ नावाचं काळं डबकं टाकतो. पहिल्या क्षणी ते लहान असतं. ज्याच्या पायाखाली ते आलं त्याने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं, एवढंच काम. पण तो जागचा हलला नाही तर डबक्याने कुणालाही चटका दिला की ते आणखी पसरतं, पसरलं की आणखी लोकांना चटका बसतो, आणि डोळ्यांदेखत सगळं व्यासपीठ काळं होऊन पंचवीसच्या पंचवीस जण आडवे होतात. सहा हजारांचा आकडा इथे कुणाला वाचवत नाही. नॅक्सरामस या मोहिमेतल्या हेगन या बॉसचंही तसंच: जमीन पट्ट्यापट्ट्याने फुटत जाते आणि तालात पावलं टाकत सुरक्षित पट्ट्यात जावं लागतं. खेळाडू त्याला नाचच म्हणतात. ज्याला नाचता येत नाही, त्याचं चिलखत कितीही भारी असलं तरी तो पडतो.

साज निरर्थक आहे, असं मात्र मुळीच नाही. ठरावीक मिनिटांत पुरेसा मार दिला नाही तर अनेक बॉस खवळतात आणि सगळ्यांना चिरडतात; तिथे तलवारीची धार लागतेच. बॉसचा मार झेलणाऱ्या टँकच्या अंगावर पातळ चिलखत असेल तर जगातला उत्तम हीलरही हतबल होतो. आइसक्राउनमध्ये कंपनीनेच सर्वांची ताकद ५ टक्क्यांपासून वाढवत ३० टक्क्यांवर नेली, आणि अडलेल्या कित्येक गिल्डांना त्यानंतरच वाट मिळाली. साज चुका माफ करतो, हे त्याचं खरं मोल. पण किती चुका होणार, हे तो सांगू शकत नाही.

हा फरक काही खेळाडूंनी करून दाखवला. ‘ग्रीडी गॉब्लिन’ हा ब्लॉग चालवणाऱ्याने एक चमू जमवला, नियम केला की फक्त निळ्या दर्जाच्या वस्तू घालायच्या, आणि त्या कमी आकड्यावर उल्डुआरमधले बॉस पाडून दाखवले. कंपनीलाही हे कळत होतं. उल्डुआरमध्ये अल्गालोन नावाचा एक बॉस आहे. त्याला एकदा छेडलं की आठवड्याला एकच तास मिळे. दहा जणांत, दहा जणांच्या उल्डुआरमध्ये मिळतं त्याहून वरचं काहीही कुणीच न घालता त्याला हरवलं, तर ‘हेराल्ड ऑफ द टायटन्स’ हा किताब मिळायचा. सगळीकडे मोठा आकडा मागितला जात असताना, हा किताब हवा असणारे आपलं भारी चिलखत उतरवून ठेवत होते.

२०१० मध्ये ब्लिझार्डने स्वतःची सरासरी वस्तुपातळी पात्राच्या पानावर छापली आणि त्याच डिसेंबरात आलेल्या ‘कॅटाक्लिझम’मध्ये अवघड गुहांसाठी ३२९ची अट घातली. लोकांनी अट लगेच वाकवली. पिशवीत ठेवलेली वस्तूही सरासरीत धरली जात असल्याने झुंजीचा साज विकत घेऊन नुसता पिशवीत टाकला तरी चालायचं. दारातून आत गेलेले गट आत धडाधड कोसळू लागले, तक्रारी वाढल्या आणि जानेवारी २०११ मध्ये खेळाचे एक प्रमुख रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांना लांबलचक लेख लिहून या अवघडपणाचं समर्थन करावं लागलं.

पुढचे दोन प्रयोग जास्त धाडसी होते. २०१२ मध्ये आलेल्या ‘चॅलेंज मोड’मध्ये सर्वांचा साज एकाच पातळीवर, ४६३वर, उतरवला जाई, मग घड्याळ आणि कसब एवढंच उरे. २०१४ मध्ये तर अनोळखी गटाबरोबर अवघड गुहेत जाण्याआधी ‘प्रूव्हिंग ग्राउंड्स’ या एकट्याने द्यायच्या परीक्षेत रौप्यपदक मिळवणं सक्तीचं झालं. कसबाची थेट परीक्षा घेणारा तो एकमेव अधिकृत दरवाजा. पुढच्याच आवृत्तीत, २०१६ मध्ये, ती सक्ती गेली. हा निर्णय चुकीचा होता. परीक्षा त्रासदायक असेल, पण पिशवीतल्या चिलखतापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने मूळ खेळ ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा उघडला आणि सगळ्यात बोलका पुरावा मिळाला. ज्या रॅगनारोसला पडायला पूर्वी पाच महिने लागले होते, त्याला ‘एप्स’ या गिल्डने आठवड्याच्या आत पाडलं. त्यांच्यातल्या अनेकांची साठावी पातळीही पूर्ण झालेली नव्हती आणि अंगावर बरीचशी हिरवी-निळी चिलखतं होती. खेळाची ही आवृत्ती मूळच्या पहिल्या महिन्यांपेक्षा सोपी होती, हे मान्य करायला हवं. पण मोठा फरक होता तो पंधरा वर्षांत मुरलेल्या माहितीचा आणि सरावाचा.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘रॅथ’चीही क्लासिक आवृत्ती आली. लढाया कशा झाल्या याच्या तपशीलवार नोंदी तोवर कुणालाही उघडून पाहता येत होत्या. तरीही दालारानच्या गप्पांच्या खिडकीत गिअरस्कोर मागणाऱ्या हाका पुन्हा सुरू झाल्या.