पन्हळीचा सांधा गळतो तेव्हा : घरच्या घरी करावयाची दुरुस्ती

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. छपरावरचे हे पाणी भिंतीपासून दूर नेऊन सोडणे हे पन्हळीचे काम. जस्ती पत्र्याच्या पन्हळींची जागा आता बहुतेक ठिकाणी पीव्हीसीच्या पन्हळींनी घेतली आहे. त्या गंजत नाहीत, वजनाने हलक्या असतात आणि सहज बसवता येतात. मात्र त्यांची एक दुबळी बाजू आहे, ती म्हणजे सांधा. दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे काही वर्षांतच थेंब ठिबकू लागतात आणि भर पावसात त्याची धार होते.

ही धार क्षुल्लक समजू नये. ती रोज एकाच जागी पडते. चिरेबंदी भिंतीतला जांभा दगड पाणी शोषून घेतो. गिलावा फुगतो आणि सुटतो. पाणी वाशांच्या टोकांवर आले तर लाकूड कुजते आणि वाळवीला आमंत्रण मिळते. जोत्यालगतची माती धुपून पायाशी खळगे पडतात. सांध्यापाशी तुंबलेले पाणी डासांच्या पैदाशीला पुरेसे ठरते.

सांधा गळू लागला की बहुतेक घरांत बाहेरून सिलिकॉनचा किंवा डांबराचा लेप फासला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा गळतो. याचे कारण असे की गळती सांध्यात दिसत असली, तरी तिचे मूळ पुष्कळदा दुसरीकडेच असते. ते मूळ दूर केल्याशिवाय लावलेला कोणताही लेप टिकत नाही. लेप ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

सांधा गळण्याची चार कारणे

पहिले कारण उष्णता. पीव्हीसी तापले की लांब होते आणि निवले की आखडते. एक मीटर लांबीच्या तुकड्याचे तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर त्याची लांबी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटरने वाढते. उन्हात तापलेल्या पन्हळीवर पावसाची सर आली की तापमान ३० अंशांनी उतरणे सहज शक्य आहे. अशा वेळी तीन मीटरचा तुकडा सुमारे ६ मिलिमीटर आखडतो आणि दहा मीटरची सलग पन्हळ सुमारे दोन सेंटिमीटर. या हालचालीला सांध्यात वाव नसेल, तर चिकटवलेली जोड तडकते किंवा तुकडा सांध्यातून निसटू लागतो.

दुसरे कारण तुंबणे. आंब्याफणसाची पाने, माडाचा चुरा, कौलांवरचे शेवाळ आणि धूळ यांचा गाळ पन्हळीच्या तळाशी बसतो. सांधा वाहते पाणी पुढे जाऊ देण्यासाठी केलेला असतो. त्याला साठलेले पाणी तासन् तास धरून ठेवावे लागले की तो पाझरतो.

तिसरे कारण झोळ. सहा इंच रुंदीच्या अर्धगोल पन्हळीत काठोकाठ पाणी भरले, तर दर मीटरला सुमारे ९ लिटर, म्हणजेच ९ किलो भार पडतो. तीन मीटरच्या तुकड्यावर हा भार २५ किलोंच्या पुढे जातो. आधाराचे ब्रॅकेट दूरदूर बसवले असतील किंवा त्यांचे स्क्रू सैल झाले असतील, तर पन्हळ मध्ये वाकते आणि सांध्याचे तोंड खालून उघडते.

चौथे कारण वय. सांध्यातील रबरी पट्टी उन्हाने व काळाने कडक होते, तिचा दाब कमी होतो. जुने पीव्हीसीही ठिसूळ होऊन त्यात केसाएवढ्या बारीक चिरा पडतात.

आधी निदान

पाणी पन्हळीच्या खालच्या अंगाला चिकटून काही अंतर सरकते आणि मग ठिबकते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असे नाही. निदानासाठी कोरडा दिवस निवडावा. प्रथम पन्हळीतील पाने व गाळ हाताने किंवा प्लास्टिकच्या उलथण्याने काढावा. गाळ पाइपात ढकलू नये. पाइपाच्या तोंडाशी जुने फडके ठेवून तो वरून उचलावा. मग सांधा बाहेरून पुसून कोरडा करावा आणि त्याच्या खालच्या अंगाला खडूची भुकटी चोळावी. पन्हळीच्या वरच्या टोकाकडून एका माणसाने बादलीने हळूहळू पाणी ओतावे. भुकटी जिथे प्रथम ओली होईल, तिथेच गळती आहे.

याच वेळी उतार तपासावा. पाणी ओतून झाल्यावर ते पाइपाकडे वाहून जाते की मध्येच थांबते, हे पाहावे. दर मीटरला सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरला ३ सेंटिमीटर उतार असावा. दोन टोकांना दोरी ताणून आणि पाणसळ लावून तो मोजता येतो. पाणी थांबत असेल त्या जागचे ब्रॅकेट आधी वर उचलून घट्ट करावे. दोन ब्रॅकेटमधील अंतर एक मीटरपेक्षा अधिक नसावे. आपल्याकडील पावसाचा जोर पाहता ते ६० सेंटिमीटरपर्यंत ठेवणे हिताचे. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरच्या आत आधार हवाच. गाळ काढला आणि उतार सुधारला, एवढ्यानेच काही सांधे गळायचे थांबतात.

बादलीच्या पाण्याने सांधा गळला नाही, पण पावसात मात्र भिंत भिजते, असेही आढळते. तेव्हा कौलाची कड पाहावी. ती पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांशापर्यंत आत यायला हवी. कमी असेल तर पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरते आणि दोष मात्र सांध्याला दिला जातो.

रबरी पट्टीचा सांधा

या सांध्यात पन्हळीचे तुकडे जोडणीच्या तुकड्यात दाबून, खटका लावून बसवलेले असतात. चिकटद्रव्य वापरलेले नसते. पन्हळीची कड किंचित आत दाबून खटका सोडवावा आणि तुकडा खाली उतरवावा. रबरी पट्टी काढून साबणाच्या पाण्याने धुवावी आणि बोटांत वाकवून पाहावी. ती लवचीक असेल, तर बहुधा तिच्या खाली अडकलेली वाळू हेच गळतीचे कारण असते. खाच स्वच्छ करून पट्टी नीट बसवली की काम होते. पट्टी कडक, चपटी किंवा चिरलेली असेल, तर त्याच कंपनीची व त्याच मापाची नवी पट्टी घ्यावी. तशी मिळत नसेल, तर जोडणीचा संपूर्ण तुकडाच बदलावा.

पट्टी सहज बसावी म्हणून साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे. रॉकेल, यंत्राचे तेल किंवा वाहनाचे ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते आणि लवकर निकामी होते. तुकडे पुन्हा बसवताना त्यांची टोके एकमेकांना टेकवू नयेत. जोडणीच्या आत रेषा असल्यास तुकडा त्या रेषेपर्यंतच सरकवावा. रेषा नसल्यास दोन टोकांत ६ ते १० मिलिमीटर फट ठेवावी. ही फट म्हणजे चूक नव्हे; उन्हात वाढणाऱ्या पन्हळीला दिलेली ती जागा आहे. या सांध्यात चिकटद्रव्य कधीही ओतू नये.

चिकटवलेला सांधा

प्लंबर ज्याला नुसते ‘सोल्युशन’ म्हणतात, ते सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. ही जोड सुटली, तर बाहेरून सोल्युशन ओतून ती पुन्हा जुळत नाही, कारण ते भेगेच्या आत दोन्ही पृष्ठभागांपर्यंत पोहोचत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे तो भाग करवतीने कापून नवा जोडतुकडा बसवणे. कापलेल्या कडा कानशीने घासाव्यात, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने खरबरीत करून कोरड्या फडक्याने पुसावेत, दोहोंना सोल्युशनचा पातळ थर लावून लगेच जोडावे आणि अर्धा मिनिट दाबून धरावे. त्यानंतर एक रात्र पाणी लागू देऊ नये. सोल्युशनची वाफ ज्वालाग्राही असते. जवळ विडी, दिवा किंवा चूल नसावी.

भेग लहान असेल, तर ती आतून सीलंटने भरून बाहेरून त्याच मापाच्या पन्हळीचा दहा सेंटिमीटर रुंद तुकडा सोल्युशनने ठिगळासारखा बसवता येतो. मात्र लांब पन्हळीचे सगळे सांधे चिकटवलेले असतील, तर आखडण्याचा ताण पुन्हा एखाद्या सांध्यावर येणारच. अशा पन्हळीतला निदान एक सांधा रबरी पट्टीचा करावा आणि दोन्ही टोके भिंतीला टेकू देऊ नयेत.

लेप कोणता आणि कुठे

लेप नेहमी आतून, म्हणजे पाणी वाहते त्या बाजूने द्यावा. बाहेरून दिलेल्या लेपाला पाण्याचा दाब पृष्ठभागापासून दूर ढकलतो. आतून दिलेल्या लेपाला तोच दाब पृष्ठभागावर दाबून धरतो. कडक होणारी इपॉक्सी पुटी हलणाऱ्या सांध्यावर तडकते. तिथे लवचीक राहणारे पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट वापरावे. सिलिकॉन घ्यायचे असेल, तर डब्यावर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले घ्यावे. शिरक्याचा वास येणारे स्वस्त सिलिकॉन पीव्हीसीला नीट धरत नाही.

जुना लेप पूर्ण खरवडून काढावा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही. पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा. लेप भेगेच्या दोन्ही बाजूंना किमान दोन सेंटिमीटर पसरवून सपाट करावा. त्याचा उंचवटा राहिला, तर तिथेच पाणी अडते. असा लेप दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीपर्यंतच वाळतो. म्हणून पाऊस नसेल असे किमान एक-दोन दिवस हाताशी हवेत.

भर पावसात काय करावे?

ओल्या पृष्ठभागावर लेप धरत नाही. उघडीप मिळाली की सांधा आतून पुसून कोरडा करावा आणि ब्युटाइल रबराची चिकटपट्टी घट्ट दाबून लावावी. हा उपाय तात्पुरता आहे, याची आठवण ठेवावी. तेवढीही उघडीप नसेल, तर गाळ काढून पाणी वाहते ठेवावे आणि खाली पिंप ठेवून जोत्याचे रक्षण करावे. पन्हळ सुकवण्यासाठी ज्योत वापरू नये. ७०-८० अंश तापमानालाच पीव्हीसी मऊ पडून वाकते.

शिडीवर चढण्यापूर्वी

या कामातील खरा धोका पाण्याचा नाही, उंचीचा आहे. शिडी पन्हळीला टेकवू नये. ती भिंतीला किंवा भक्कम लाकडाला टेकवावी. शिडीची चार फूट उंची असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर, या प्रमाणात अंतर ठेवावे. शेवाळलेल्या अंगणात पायाखाली खडबडीत पोते घालावे आणि खाली एकाने शिडी धरून उभे राहावे. कौलांवर पाय देऊ नये. विजेची तार छपराजवळून घरात येत असेल, तर ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. पहिल्या मजल्याच्या वरचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

पन्हळ कधी बदलावी?

पन्हळ पांढुरकी पडून हात लावताच भुकटी निघत असेल, बोटाने दाबल्यावर कडा तडकत असतील किंवा एकाच पन्हळीचे तीन-चार सांधे एकदम गळू लागले असतील, तर दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही. नवी पन्हळ घेताना छपराचा हिशेब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद उताराच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०० लिटर पाणी, म्हणजे मिनिटाला चाळीस लिटरांहून अधिक पाणी पन्हळीत येते. एवढ्या पाण्याला पाइप अपुरा असेल, तर नवे सांधेही लवकरच गळू लागतील. अशा वेळी दुसऱ्या टोकाला आणखी एक पाइप द्यावा आणि उतार मध्यापासून दोन्हीकडे ठेवावा.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. तुंबलेल्या पन्हळीतले पाणी आढ्याला जात नसले, तरी कौलांच्या खालून वाशांवर नक्कीच चढते. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर एकदा आणि ऐन पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा पन्हळ साफ करून बादलीभर पाणी ओतून पाहावे. बादलीच्या पाण्याने दाखवलेली गळती कोरड्या दिवसात एका दुपारी दुरुस्त होते. तीच आषाढात उघडी पडली, तर श्रावणापर्यंत भिंत भिजत राहते.