एपी अमेरिकी इतिहास : पाठांतराच्या पलीकडची परीक्षा

अमेरिकेत हायस्कूलच्या अकरावीत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांसाठी मे महिना कसोटीचा असतो. या महिन्यात ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात ‘एपी’ परीक्षा होतात. अमेरिकी इतिहासाची परीक्षा ही त्यांतील एक अवघड समजली जाणारी परीक्षा. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. ३ वा अधिक श्रेणी मिळाल्यास अनेक विद्यापीठे श्रेयांक देतात. नामांकित विद्यापीठे बहुधा ४ किंवा ५ चा आग्रह धरतात. श्रेयांक मिळाला, की तेवढ्या अभ्यासक्रमाचे शुल्क वाचू शकते. अमेरिकेतील महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च पाहता ही बाब लहान नाही.

तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे या विषयात एक वेगळीच अडचण उभी राहते. गणित-विज्ञानात आई-वडील मुलांच्या शेजारी बसू शकतात. पण त्यांचा शालेय इतिहास शिवकाल, पानिपत आणि स्वातंत्र्यलढ्याचा. शिवाय सनावळ्या घोकून गुण मिळवण्याची आपल्याकडची सवय येथे फारशी कामी येत नाही.

परीक्षा सव्वातीन तासांची असते. ५५ बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत सोडवायचे असतात व त्यांना ४० टक्के भार आहे. हे प्रश्न एखादा उतारा, व्यंगचित्र, नकाशा किंवा तक्ता देऊन त्यावर विचारले जातात. चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत २०११ मध्ये बंद झाली, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. तीन लघुत्तरी प्रश्नांना २० टक्के, दस्तऐवजांवर आधारित निबंधाला २५ टक्के आणि दीर्घ निबंधाला १५ टक्के भार असतो.

खरी कसोटी लागते ती दस्तऐवजांच्या निबंधात. भाषणे, पत्रे, जाहिराती, न्यायालयीन निकाल अशी सात साधने समोर ठेवली जातात आणि तासाभरात, त्यातील सुमारे १५ मिनिटे वाचनाला देऊन, एक युक्तिवाद उभा करायचा असतो. गुण सात. पैकी एक सिद्धान्तवाक्याला, एक पार्श्वभूमीला, तीन पुराव्यांना आणि दोन विश्लेषणाला. दस्तऐवजाचा केवळ सारांश लिहिणे हा येथील हमखास घात. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिला, हे किमान दोन साधनांबाबत स्पष्ट करून ते युक्तिवादाशी जोडावे लागते.

उदाहरणार्थ, ‘न्यू डील’मुळे संघराज्य सरकारची भूमिका कितपत बदलली, असा प्रश्न आला असे समजू. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे सुमारे एक बेरोजगार होता, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अनेक योजना आणल्या, एवढे लिहून भागत नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळाची जबाबदारी प्रथमच मोठ्या प्रमाणावर केंद्राकडे आली. मात्र शेतमजूर व घरकामगार त्यातून वगळले गेल्याने असंख्य कृष्णवर्णीयांच्या पदरी काहीच पडले नाही. बदल मोठा, पण अपुरा, आणि तो का अपुरा राहिला, हे ज्याला मांडता येते त्याचे उत्तर वरच्या श्रेणीत जाते.

अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंत नऊ कालखंडांत विभागलेला आहे. १८९० ते १९४५ आणि १९४५ ते १९८० या दोन कालखंडांना प्रत्येकी १० ते १७ टक्के, तर १९८० नंतरच्या काळाला अवघे ४ ते ६ टक्के महत्त्व आहे. तरीही शाळेत वर्षअखेरीस शीतयुद्ध, व्हिएतनाम, वॉटरगेट हे सारे घाईघाईत उरकले जाते. ही उणीव विद्यार्थ्याने एप्रिलपूर्वीच भरून काढावी. १९५४ चा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल, १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा ही साखळी तर कारणपरिणामांसह पक्की हवी.

आई-वडिलांना मुलांशी बोलण्याचे धागेही येथेच सापडतात. राष्ट्रीयत्वावर आधारित कोटा रद्द करणारा १९६५ चा स्थलांतर कायदा अभ्यासक्रमात आहे. बहुतेक मराठी घरे अमेरिकेत पोहोचली ती त्यानंतरच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा तेथे ‘प्रोग्रेसिव्ह’ सुधारणांचे पर्व चालू होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला.

इतिहास कोणता शिकवावा, यावर अमेरिकेतही एकमत नाही. २०१४ मध्ये नव्या आराखड्यावर देशाच्या उणिवांवरच भर दिल्याची टीका झाली. कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीत शाळा मंडळाने देशभक्तीला पूरक आशयासाठी फेरआढाव्याचा प्रस्ताव मांडताच शेकडो विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. २०१५ मध्ये आराखडा सुधारण्यात आला. परीक्षार्थीने दोन्ही बाजू जाणून घ्याव्यात. लघुत्तरी प्रश्नांत इतिहासकारांच्या परस्परविरोधी मतांची तुलना विचारली जाते.

मागील वर्षांचे निबंधप्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांच्या नमुना उत्तरपत्रिका कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महागड्या मार्गदर्शकांआधी त्या वाचाव्यात. २०२५ पासून ही परीक्षा संगणकावर ‘ब्लूबुक’ या प्रणालीतून घेतली जाते. त्यामुळे सराव निबंध घड्याळ लावून कळफलकावरच लिहिलेले बरे.